सामाईक विहीर

दिवाळीच्या पणतीवर थोड्या अंतराने पितळेची वाटी पालथी धरली, म्हणजे तिच्या पोटाला काजळ धरते. या काजळाचा सख्खा भाऊ सराफाच्या पेढीवर मखमलीच्या डबीत बसलेला असतो, असे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. पण १७९७ साली स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनज्ञाने सोन्याच्या भांड्यात सोऱ्याबरोबर हिरा जाळला, त्यातून निघालेला कर्बाम्लवायू मोजला, आणि हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, त्यात दुसरे काही नाही, हे सिद्ध करून दाखवले.

हिरा आणि काजळ ही तर नुसती दोन टोके झाली. पणतीतले तेल, तेलातली कापसाची वात, अनारशातली साखर, पैठणीचे रेशीम, ज्यावर हे छापले जाते तो कागद आणि तो हाती धरणारी आपली बोटे, या सर्वांत कार्बनचे अणू एकमेकांचे हात धरून उभे आहेत. मूलद्रव्ये शंभरावर आहेत. पण रसायनशास्त्राला ठाऊक असलेल्या कोट्यवधी पदार्थांत गर्दी आहे ती कार्बनवाल्यांची. सोने श्रीमंत असेल, लोखंड बळकट असेल, पण संसार थाटावा तो कार्बननेच.

असे का व्हावे? आजचा शाळकरी मुलगा याचे उत्तर एका वाक्यात देतो. कार्बन आपले इलेक्ट्रॉन कोणाला देऊन टाकत नाही, कोणाचे हिसकावूनही घेत नाही. तो ते शेजाऱ्याबरोबर वाटून घेतो, आणि अशा जोडणीला सहसंयुज बंध म्हणतात. उत्तर बरोबर आहे. मात्र हे एक वाक्य हाती यायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे खर्ची घालावी लागली. मी या इतिहासाच्या नादी लागलो तो रसायनासाठी. गुंतून पडलो तो मात्र माणसांसाठी. ज्या विद्येने अणूंचे वाटून घेणे जगाला दाखवले, तिच्याच दरबारात श्रेय वाटून घेण्याची वेळ आली तेव्हा काय घडले, ते पाहण्यासारखे आहे.

एकोणिसावे शतक उजाडले ते विजेचे वेड घेऊन. १८०० साली व्होल्टाने विजेची पहिली बॅटरी जगापुढे ठेवली आणि पुढच्या काही वर्षांत रसायनज्ञांनी दिसेल त्या पदार्थातून वीज सोडून त्याचे दोन तुकडे पाडण्याचा सपाटा लावला. एक तुकडा ऋण टोकाकडे धावे, दुसरा धन टोकाकडे. स्वीडनच्या बर्झेलियसने यातून एक सुटसुटीत सिद्धांत उभा केला. प्रत्येक संयुगाला दोन अंगे असतात, एक धन आणि एक ऋण. आणि विजातीय विजेच्या ओढीनेच ती एकत्र नांदतात. मिठाच्या बाबतीत हे अगदी चपखल बसे. बर्झेलियस हा त्या काळचा रसायनशास्त्रातला सरन्यायाधीश. त्याने दिलेल्या निकालावर अपील नसे.

या सिद्धांताला पहिला चटका बसला तो मेणबत्तीचा. फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याच्या काळी पॅरिसच्या ट्यूलरी राजवाड्यात एका समारंभाच्या रात्री मेणबत्त्यांतून असा झोंबरा धूर निघाला की मानकरी पाहुणे खोकून बेजार झाले, अशी कथा सांगतात. चौकशीचे काम झां द्यूमा या तरुण रसायनज्ञाकडे आले. मेण पांढरेशुभ्र दिसावे म्हणून ते क्लोरीन वायूने धुतलेले होते, आणि तो क्लोरीन नुसता डाग काढून निघून न जाता मेणाच्या अंगातच मुरून बसला होता. द्यूमाने हा धागा सोडला नाही. १८३८ साली त्याने शिरक्याच्या आम्लातले, म्हणजे ॲसेटिक ॲसिडातले, हायड्रोजनचे तीन अणू उठवून त्यांच्या जागी क्लोरीनचे तीन अणू बसवले. आता बर्झेलियसच्या हिशेबाने हायड्रोजन धन आणि क्लोरीन पक्का ऋण. म्हणजे लग्नाच्या पंगतीत वराकडची तीन माणसे उठवून त्यांच्या पाटावर वधूकडची तीन बसवण्यासारखेच हे झाले. मोठा गोंधळ उडायला हवा होता. पण नवे आम्ल जुन्याच घराण्यातले निघाले. पंगत जशीच्या तशी चालू राहिली! मग कार्बनच्या घरातली ही गाठ विजातीय विजेच्या ओढीची नाही, हे उघड झाले. ती कशाची आहे, हे मात्र कोणाला सांगता येईना. बर्झेलियस अखेरपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिला आणि १८४८ साली वारला.

पुढचे पाऊल पडले ते मोजणीचे. १८५२ साली एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रजाच्या ध्यानात आले की प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूची दुसऱ्यांना धरण्याची कुवत ठरलेली असते. हायड्रोजनला जणू एक हात, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन. याच कुवतीला पुढे संयुजा हे नाव मिळाले. कार्बनला हात किती, आणि त्या हातांनी तो काय करतो, हे सांगण्याचा मान १८५८ साली दोन तरुणांनी जवळजवळ एकाच वेळी मिळवला. मिळवला म्हणतो खरे, पण मिळाला एकालाच.

त्यातला एक जर्मनीचा आउगुस्ट केकुले. लंडनमध्ये असताना उन्हाळ्यातल्या एका रात्री शेवटच्या घोडागाडीच्या टपावर बसून घरी जाताना आपला डोळा लागला, आणि डोळ्यांपुढे अणू फेर धरून नाचू लागले. लहान अणू जोडीजोडीने येत, मोठे लहानांना कवेत घेत आणि त्यांची साखळी होई, असे त्याने पुढे १८९० साली बर्लिनच्या सत्कारसभेत सांगितले. स्वप्न खरे असो वा सत्काराच्या ओघात रंगलेले असो, १८५८ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेला त्याचा निबंध मात्र जागेपणीचा होता. कार्बनला चार हात आहेत आणि त्यांतला एखादा हात तो दुसऱ्या कार्बनलाच देतो, म्हणून कार्बनच्या साखळ्या बनतात, असे त्यात स्वच्छ म्हटले होते.

दुसरा होता स्कॉटलंडचा आर्किबाल्ड स्कॉट कूपर. १८३१ साली कर्किंटिलॉक गावी एका गिरणीमालकाच्या घरी जन्मलेला हा मुलगा आधी तत्त्वज्ञान शिकला, मग रसायनाकडे वळला आणि पॅरिसमध्ये वुर्त्झच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. वयाच्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी त्याने 'एका नव्या रासायनिक सिद्धांताविषयी' असा निबंध लिहिला. त्यातही तेच होते: कार्बनचे चार हात आणि कार्बनची कार्बनशी गाठ. शिवाय एक गोष्ट अधिक होती. दोन अणूंमधली गाठ दाखवायला त्याने त्यांच्यामध्ये टिंबांची रेघ काढली, आणि निबंधाच्या पुढच्या आवृत्तीत ती सलग केली. आज शाळेच्या फळ्यावर रेणूचे चित्र काढताना आपण जी रेघ ओढतो तिचा एक आद्य जनक हा.

निबंध फ्रेंच अकादमीपुढे वाचला जावा म्हणून कूपरने तो वुर्त्झच्या हवाली केला. वुर्त्झ स्वतः तेव्हा अकादमीचा सभासद नव्हता. दुसऱ्या कोणाकरवी तो वाचून घेणे भाग होते, आणि त्यात दिवस गेले. अखेर १४ जून १८५८ रोजी निबंध अकादमीपुढे आला. तो मांडणारा होता आपला मेणबत्तीवाला द्यूमा. पण तोवर केकुलेचा निबंध छापून झाला होता! केकुलेने आपला अग्रहक्क तत्काळ जाहीर केला. कूपर संतापून वुर्त्झला नको ते बोलला आणि प्रयोगशाळेतून त्याची हकालपट्टी झाली. तो एडिंबरोला परतला, तिथे साहाय्यकाची जागा मिळाली, पण १८५९ साली मनाचा तोल गेला. त्यातून तो पुरता सावरला नाही. पुढली तीसहून अधिक वर्षे त्याने जन्मगावी आईच्या छायेत काढली आणि १८९२ साली तो गेला. त्याच्या रेघा तेवढ्या युरोपभर शाळा-शाळांतून पसरत होत्या. त्यांखाली त्याचे नाव नव्हते.

ती रेघ कागदावर सपाट होती, अणू मात्र अवकाशात राहतात. १८७४ साली हॉलंडचा बावीस वर्षांचा व्हान्ट हॉफ आणि फ्रान्सचा ल बेल या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवले की कार्बनचे चार हात एका पातळीत नसून चार दिशांना सारखे पसरलेले असतात. तिवईचे तीन पाय तीनही बाजूंना झुकलेले आणि चौथा हात सरळ वर, अशी काहीशी ती ठेवण. कोणत्याही दोन हातांमधला कोन सुमारे साडेएकशे नऊ अंशांचा. चार हातांवर चार वेगळे सोबती असले म्हणजे एकाच पदार्थाची डावी आणि उजवी, आरशातल्या प्रतिबिंबासारखी, दोन रूपे का होतात याचा उलगडा त्यातून झाला. यावर लाइप्झिगचा बुजुर्ग रसायनज्ञ कोल्बे १८७७ साली भयंकर चवताळला. व्हान्ट हॉफ तेव्हा उत्रेख्तच्या पशुवैद्यक विद्यालयात शिकवत असे. तेव्हा या पोराने विद्यालयाच्या तबेल्यातून पंखांचा घोडा भाड्याने आणला असावा, अशी कोल्बेने छापील कुचेष्टा केली. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्याच घोडेस्वाराला मिळाले, तेही त्याच्या दुसऱ्या एका कामासाठी. पण ते पाहायला कोल्बे हयात नव्हता.

हात चार, हे ठरले. हातांची दिशा ठरली. पण हात म्हणजे काय? १८९७ साली जे. जे. टॉमसनने इलेक्ट्रॉन शोधून काढला आणि ही गाठ त्याच्याच साहाय्याने उकलणार, असे वारे वाहू लागले. मिठाचे कोडे लवकर सुटले. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, तो त्याला जड झालेला; क्लोरीनच्या कवचात सात, आठव्याची त्याला भूक. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला, दोघेही विजातीय विजेने भारले गेले आणि चिकटले. पण कार्बनने काय करावे? त्याच्याजवळ सहा इलेक्ट्रॉन. दोन आत, अणुगर्भाला बिलगलेले, आणि चार बाहेर. चार देऊन टाकावे म्हटले तर ते परवडत नाही: सोडियमचा एक इलेक्ट्रॉन काढायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या सुमारे २९ पट ऊर्जा कार्बनचे चार काढायला लागते. बरे, चार बाहेरून आणावे म्हटले तर अणुगर्भातले धन भार अवघे सहा. त्यांनी दहा इलेक्ट्रॉनांचे खटले कसे सांभाळावे? देणारा दानशूर नाही आणि घेणारा जबरदस्त नाही, असा हा मध्यमवर्गीय गृहस्थ.

या गृहस्थाची अडचण ज्याने ओळखली त्याचे नाव गिल्बर्ट न्यूटन लुईस. १९०२ साली हार्वर्डला शिकवत असताना त्याने अणूची चौकोनी खोकी काढून पाहिली होती. खोक्याच्या आठ कोपऱ्यांवर आठ इलेक्ट्रॉन. कागद घरीच राहिले. चौदा वर्षांनी, १९१६ साली, कॅलिफोर्नियात बर्कलीला असताना त्याने आपला विचार प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉन द्यायलाच हवा असे नाही आणि घ्यायलाच हवा असेही नाही. दोन अणू मिळून दोन इलेक्ट्रॉनांची एक जोडी ठेवू शकतात, आणि ती जोडी दोघांच्याही हिशेबात पुरी धरली जाते. कूपरची रेघ म्हणजे ही जोडी.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. दोन भावांच्या बांधावर एक सामाईक विहीर असते. दोघांच्याही सातबाऱ्यावर तिची नोंद असते, आणि कोणी विचारले तर दोघेही 'आमच्या शेतात विहीर आहे' असेच सांगतात; अर्धी विहीर आहे असे कोणी म्हणत नाही. कार्बनच्या शेताला चार बांध. प्रत्येक बांधावर त्याने आपला एक इलेक्ट्रॉन घातला, शेजाऱ्याने आपला एक घातला, आणि चार सामाईक विहिरी झाल्या. चार इलेक्ट्रॉनांच्या भांडवलावर आठांचा संसार उभा राहिला! शेजारी हायड्रोजन असो, ऑक्सिजन असो की दुसरा कार्बन असो, व्यवहार तोच. म्हणून साखळ्या लांबतात, फाटे फुटतात, कडी होते. हिऱ्यात तर प्रत्येक कार्बनच्या चारही बांधांवर कार्बनच, एका सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या दीडपट अंतरावर. सबंध हिरा म्हणजे एकच अखंड कुटुंब.

कोणी म्हणेल, सिलिकॉनलाही बाहेर चारच इलेक्ट्रॉन आहेत, मग वाळूतून जीव का जन्मला नाही? कारण सिलिकॉनचा अणू थोराड. त्याच्या विहिरी अणुगर्भापासून दूर पडतात. सिलिकॉन-सिलिकॉन ही गाठ कार्बन-कार्बन गाठीच्या सुमारे दोन-तृतीयांशच मजबूत. एका कार्बनशी चार हायड्रोजन जोडले की मिथेन होतो. तो हवेत निमूट राहतो, काडी लावल्याखेरीज पेटत नाही. त्याचाच सिलिकॉनवाला भाऊ हवा लागताच आपोआप पेट घेतो. असल्या तापट माणसांचे एकत्र कुटुंब टिकत नाही.

लुईसचा निबंध विद्वानांपुरता राहिला असता. तो घरोघर पोचवला अर्विंग लँगम्यूरने. हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतला बुद्धिमान शास्त्रज्ञ आणि फर्डा वक्ता. १९१९ साली त्याने लुईसची कल्पना वाढवली, सभा गाजवल्या आणि तिला सहसंयुजा हे नावही दिले. लुईसचे ऋण त्याने नाकारले नाही. पण लोक आधी लुईस-लँगम्यूर सिद्धांत म्हणू लागले, आणि मग काही जण पहिले नाव गाळू लागले. मितभाषी लुईस मनातून दुखावला. १९२३ साली त्याने या विषयावर स्वतःचा ग्रंथ लिहिला आणि हळूहळू इतर विषयांकडे वळला. लँगम्यूरला १९३२ साली नोबेल मिळाले, अर्थात पृष्ठभागाच्या रसायनावरील कामाबद्दल. लुईसचे नाव वर्षानुवर्षे सुचवले गेले आणि वर्षानुवर्षे मागे राहिले. २३ मार्च १९४६ रोजी बर्कलीच्या प्रयोगशाळेत, प्रयोग मांडलेला असतानाच, तो मरून पडलेला आढळला.

लुईसने हिशेब बरोबर मांडला होता, पण एक प्रश्न त्यालाही सुटला नव्हता. इलेक्ट्रॉन सगळे ऋण. ते एकमेकांना दूर लोटणार. मग त्यांची जोडी जमते कशी, आणि ती दोन अणूंना बांधते कशी? याचे उत्तर १९२७ साली झुरिकला वाल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन या दोन तरुणांनी दिले. एके दिवशी हाइटलर दुपारचा झोपला आणि संध्याकाळी उठला तो उत्तर डोक्यात घेऊनच, असे त्याने पुढे सांगितले. एकंदरीत कार्बनच्या इतिहासाला झोप मानवलेली दिसते! त्यांनी हायड्रोजनचे दोन अणू घेतले. नव्या पुंजयामिकीप्रमाणे इलेक्ट्रॉन हा नुसता दाणा नव्हे. त्याला लाटेचेही अंग आहे. दोन अणू जवळ आले की या लाटा एकमेकींत मिसळतात, आणि मग हा इलेक्ट्रॉन तुझा, तो माझा, असा भेद निसर्गालाही करता येत नाही. दोन इलेक्ट्रॉनांचे फिरणे परस्परविरुद्ध असेल तर लाटा मधल्या जागेत एकमेकींना बळ देतात, इलेक्ट्रॉनांचे ढग दोन अणुगर्भांच्या मध्ये दाट होतात आणि दोन्ही गर्भांची ओढ त्यांच्यावर लागते. एकूण ऊर्जा खाली उतरते, आणि जे खाली उतरले ते पुन्हा वर काढायला कष्ट पडतात. तोच बंध. फिरणे सारखे असेल तर लाटा एकमेकींना मारतात आणि अणू दूर सरतात. त्यांच्या पद्धतीने येणारी बंधाची ऊर्जा प्रत्यक्ष मापाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरते. पहिल्या नांगरटीला हे पीक थोडे नव्हे. माझा विहिरीचा दाखला मात्र इथे अपुरा पडतो. विहिरीवर भाऊ पाळी लावून पाणी घेतात; इथे पाळी नाही, दोघेही सदैव भरतच असतात.

उरला कार्बन. त्याच्या बाहेरच्या चार इलेक्ट्रॉनांपैकी दोन आधीच आपापसांत जोडी करून बसलेले, मोकळे दोनच. मग हात चार कसे, आणि चारही सारखे कसे? लायनस पॉलिंग हा अमेरिकन तरुण या प्रश्नाशी बराच काळ झगडत होता. १९३० च्या डिसेंबरात त्याला वाट सापडली आणि १९३१ साली त्याने ती प्रसिद्ध केली. जॉन स्लेटरही त्या सुमारास स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता. कार्बन थोडी ऊर्जा खर्च करून ती जोडी मोडतो, चारही इलेक्ट्रॉनांच्या लाटा एकत्र कालवतो आणि त्यांतून चार सारख्या नव्या लाटा घडवतो. त्यांची तोंडे आपोआप चार दिशांना वळतात आणि कोन येतो तो साडेएकशे नऊ अंशांचा, कोल्बेने ज्याची टिंगल केली तोच. खर्च केलेली ऊर्जा? दोन जादा बंधांतून ती व्याजासकट वसूल होते. बियाण्यासाठी कर्ज काढावे आणि सुगीला ते फेडून कणगी भरावी, तसा हा शेतकरी हिशेब. हाइटलर आणि लंडन या दोघांना मात्र ही सुगी मायदेशी भोगायला मिळाली नाही. दोघेही ज्यू घराण्यातले; १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच त्यांना जर्मनी सोडून इंग्लंड गाठावे लागले.

आता श्रेयाचा जमाखर्च. तो मांडताना मन खट्टू होते, पण त्यातही दोन जमेच्या नोंदी आहेत आणि त्या मला फार मोलाच्या वाटतात. पॉलिंगने १९३९ साली रासायनिक बंधावरचा आपला विख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला, तो लुईसला अर्पण करून. लुईस तेव्हा हयात होता. स्वीडनहून जे आले नाही ते या एका पानावर त्याला मिळाले. दुसरी नोंद जर्मनीतली. बॉनच्या विद्यापीठात केकुलेनंतर त्याच्या जागेवर बसला तो त्याचाच शिष्य रिचर्ड आन्शुट्झ. जुनी कागदपत्रे चाळताना त्याला कूपर नावाच्या कोणा अज्ञात माणसाचा निबंध सापडला. तो वाचून, आपल्या गुरूच्या बरोबरीने आणखी एक माणूस त्याच जागी उभा होता, हे त्याने ओळखले. गप्प राहणे सोपे होते. गुरूचे नाव मोठे, आणि दुसऱ्याची बाजू घेणारे कोणी नव्हते. पण आन्शुट्झने स्कॉटलंडला पत्रे धाडली, हा माणूस कोण, त्याचे पुढे काय झाले, याचा माग काढला, आणि १९०९ साली कूपरचे चरित्र छापून त्याचे नाव केकुलेशेजारी आणून बसवले. कूपर जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती.